आखूडशिंगी, बहुदुधी

आखूडशिंगी, बहुदुधी आणि वर वैरण कमी खाणारी गाय कोणाला नको असते? पण अशी गाय कोणाच्या दावणीला बांधलेली पाहिल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. ती फक्त म्हणीत राहते. आपल्या पूर्वजांनी ही म्हण गाय शोधणाऱ्यांसाठी केली नसावीच. सगळे गुण एकाच ठिकाणी, आणि तेही आपल्या खिशाला परवडतील अशा बेताने मागणाऱ्या माणसाला काढलेला तो चिमटा आहे. पूर्वी हा चिमटा मुलासाठी स्थळे पाहणाऱ्या मंडळींना बसत असे. पुढे तो शहरात जागा शोधणाऱ्यांना बसू लागला. आजच्या घडीला तो कोणाला बसत असेल, तर संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ग्राफिक्स कार्ड हा विषय पाहून आमच्या काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. "अरे, तू इतिहासाचा विद्यार्थी, तुला हे खेळणे कशाला?" हा प्रश्न मला घरात, गल्लीत, एस.टी.त आणि एकदा तर तोंडी परीक्षेतही विचारला गेला आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खेळ खेळणाऱ्या पोरांचे खूळ, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अगदीच निराधार आहे असेही नाही. पण माझी गरज वेगळी होती, आणि ती दगडांपासून सुरू झाली होती.

आमच्या गावच्या देवळासमोर सतरा वीरगळ एका ओळीत उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारकशिल्प, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. दगडावर बहुधा तीन पट्ट्या असतात. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य; ते असेपर्यंत याचे नाव राहो, हा त्यांचा अर्थ. प्रत्यक्षात चंद्र-सूर्य आहेत, पण नाव गेले. आमच्या सतरांपैकी एकाचेही नाव गावात कोणाला ठाऊक नाही. कोणी त्यांना 'लढवय्ये' म्हणते, कोणी नुसतेच 'देव'. दर वर्षी त्यांच्यावर तेलरंगाचा एक हात चढतो. त्यातच देवळाच्या जीर्णोद्धाराचे ठरले आणि २०२५ च्या पाडव्यानंतर हे दगड नव्या आवारभिंतीत सिमेंटने बसवायचे असे नक्की झाले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. दगड पडू नयेत, सुरक्षित राहावेत, एवढाच साधा हेतू होता. पण भिंतीत बसल्यावर त्यांच्या कडा, पाठी आणि बाजूंवरची नक्षी कायमची गाडली जाणार होती.

तेव्हा पाडव्याच्या आत या सतरा दगडांची घन प्रतिकृती संगणकात करून ठेवायची, असे मी मनाशी घेतले. याची रीत ऐकायला सोपी आहे. एकाच वस्तूचे चहूबाजूंनी शंभर-सव्वाशे फोटो काढायचे. त्यासाठी चांगला मोबाईलही चालतो. आभाळ भरलेले असले तर उत्तम, कारण तेव्हा सावल्या कडक पडत नाहीत. मग मेशरूम नावाची एक मोफत प्रणाली या सगळ्या फोटोंतील समान खुणा शोधते, कोणता फोटो कोठून काढला हे ताडते आणि त्यावरून वस्तूचा आकार उभा करते. पुढे ब्लेंडर नावाच्या, तितक्याच मोफत, प्रणालीत त्या आकारावर हवा तसा प्रकाश टाकून पाहता येतो. मेशरूमला खोलीचे बारीक गणित करण्यासाठी एनव्हीडिया कंपनीचेच कार्ड लागते, कारण ते काम त्या कंपनीच्या 'कुडा' या व्यवस्थेवर चालते. म्हणजे निवड एका कंपनीपुरती आपोआप मर्यादित झाली. घरात जमलेल्या पैशात बसणारी दोनच कार्डे समोर उरली : आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. हा २०२४ च्या दिवाळीआधीचा हिशेब आहे. दुकानात दोन्ही मिळत होती आणि किमतीत फारसा फरक नव्हता.

आता कोणीही म्हणेल, यात विचार तो कसला? ३०६० पेक्षा ४०६० मोठे. पहिले २०२१ च्या फेब्रुवारीतले, दुसरे २०२३ च्या जूनमधले. नवे घ्यावे आणि मोकळे व्हावे. दुकानदाराचे म्हणणेही हेच होते. पण सनावळ्या पाठ करून करून माझा स्वभावच असा झाला आहे, की नंतरचा राजा म्हणजे मोठा राजा हे काही मला पटत नाही. मी दोघांचीही कागदपत्रे मागवली.

ती समजून घेण्याआधी कार्ड आत काय करते, ते सांगायला हवे. आमच्या भागात सगळ्या गोष्टी साखर कारखान्यावरून समजतात, म्हणून तोच दाखला देतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे कारखान्याच्या कचेरीत बसलेले दोन-चार हुशार साहेब. कसलेही अवघड काम द्या, करतील. पण एका वेळी थोडेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खुद्द गाळप विभाग. तेथे हजारो लहान चरक एकाच वेळी फिरतात. प्रत्येकाचे काम साधे, पण संख्येला तोड नाही. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग एकाच वेळी ठरवायचा असतो, म्हणून ही रचना झाली. या चरकांना 'कोअर' म्हणतात. ते किती वेगाने फिरतात, तो 'क्लॉक'. ऊस उतरवून ठेवायचे आवार म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. आवारातून चरकाकडे ऊस नेणारी गव्हाण किती रुंद आहे आणि किती वेगाने सरकते, त्यावर ठरते ती 'बँडविड्थ'. आणि गव्हाणीच्या तोंडाशी, हाताला लगेच लागाव्यात म्हणून रचून ठेवलेल्या थोड्या मोळ्या म्हणजे 'कॅश'. एवढे लक्षात ठेवले की उरलेले सगळे अंकगणित आहे, आणि तेही सातवीच्या पलीकडचे नाही.

आरटीएक्स ३०६० मध्ये चरक ३,५८४. ४०६० मध्ये ३,०७२. म्हणजे नव्यात पाचशेबारा चरक कमी! पण जुन्याचे चरक सेकंदाला सुमारे १७८ कोटी फेरे घेतात, तर नव्याचे २४६ कोटी. एका फेऱ्यात एक चरक दोन आकडेमोडी करतो असे धरून गुणाकार केला, तर जुन्याचे गाळप सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी आकडेमोडी, नव्याचे १५.१ लाख कोटी. चरक कमी असूनही नवे पुढे; फरक जवळजवळ एकोणीस टक्क्यांचा. याचे कारण बनावटीत आहे. जुन्याची चकती सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने घडवलेली, नव्याची तैवानच्या टीएसएमसीच्या त्याहून बारीक पद्धतीने. त्यामुळे नव्याची भूकही कमी. जुन्याला १७० वॅट लागतात, नव्याला ११५. रोज दहा तास पूर्ण भाराने चालवले तरी फरक अर्ध्या युनिटाच्या थोडा वर जातो. कमी खाऊन जास्त देणारी गाय सापडली की काय, असे मला क्षणभर वाटून गेले.

पण कागद पुढे वाचला. जुन्याचे आवार १२ जीबीचे, नव्याचे ८ जीबीचे. जुन्याची गव्हाण १९२ बिट रुंद, नव्याची १२८. जुनी सेकंदाला १५ च्या गतीने सरकते, नवी १७ च्या. रुंदीला गतीने गुणून आठाने भागले की उत्तर येते : जुन्यातून सेकंदाला ३६० जीबी, नव्यातून २७२. म्हणजे नव्या कारखान्याचे चरक तेज, पण आवार लहान आणि गव्हाण अरुंद. कंपनीने ही उणीव दुसऱ्या वाटेने भरून काढली आहे. गव्हाणीच्या तोंडाशी जुन्यात ३ एमबी मोळ्या मावत होत्या, तेथे नव्यात २४ एमबी मावतात. पुन्हा पुन्हा लागणारा माल हाताशीच असल्याने आवारापर्यंत जावे लागत नाही, म्हणून २७२ ला प्रत्यक्षात ४५३ समजा, असा कंपनीचा हिशेब आहे. तो खोटा नाही. मात्र माल पुन्हा पुन्हा तोच लागत असेल, तरच तो खरा.

येथे नावाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण इतिहासात एकाच नावाचे दोन पुरुष घोटाळा करतात, तसा प्रकार या क्षेत्रातही आहे. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाचे दुसरे एक कार्ड बाजारात आले. त्यात आवार ८ जीबी आणि गव्हाण १२८ बिट. म्हणजे सेकंदाला अवघे २४० जीबी. खोक्यावरचे नाव तेच, फक्त कोपऱ्यात '१२' ऐवजी '८'. त्याहीपूर्वी २०१४ साली जीटीएक्स ९७० नावाचे कार्ड निघाले. त्यावर मेमरी ४ जीबी लिहिलेली होती, आणि ती होतीही ४ जीबीच. पण शेवटचा अर्धा जीबी उरलेल्या साडेतीनच्या मानाने फारच मंद चालतो, हे लोकांच्या ध्यानात आले २०१५ च्या जानेवारीत. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये प्रत्येक ग्राहकाला तीस डॉलर देऊन तो मिटला. म्हणून सांगतो, नाव वाचून थांबू नये. नावाखालचा ताम्रपट वाचावा.

मग राहिली कामगिरी. वैशिष्ट्ये म्हणजे पत्रिका आणि कामगिरी म्हणजे संसार. पत्रिकेत छत्तीस गुण जुळूनही संसार मोडलेले आपण पाहतोच. कामगिरी तपासणाऱ्यांनी दोन्ही कार्डे डझनभर खेळांत पळवून पाहिली आहेत. नेहमीच्या, म्हणजे १०८० ओळींच्या पडद्यावर ४०६० हे ३०६० पेक्षा सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस टक्के पुढे जाते. आपण वर केलेल्या गुणाकाराशी हे छान जुळते. पण जाहिरातीतले आकडे याहून किती तरी मोठे होते. त्यामागे एक युक्ती आहे. ४०६० ला दोन चित्रांच्या मधले तिसरे चित्र स्वतःच्या अंदाजाने रंगवता येते. ३०६० ला ही सोय कंपनीने दिलेली नाही. पडद्यावर हालचाल जास्त मऊ दिसते, यात शंका नाही. खेळणाऱ्याला त्याचा आनंद मिळत असेल तर तो खराच आनंद आहे. पण मला अंदाजाने रंगवलेले चित्र घेऊन काय करायचे? वीराच्या हातात तलवार आहे की परशू हे जेथे पाहायचे, तेथे कार्डाने स्वतःच्या मनचे काही घातले तर ते बखरकाराचे काम झाले, इतिहासकाराचे नव्हे.

एवढे वाचन झाल्यावर आता प्रत्यक्ष पाहावे असे ठरले. योगायोगाने दोन्ही कार्डे ओळखीत होती. अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या एका मित्राच्या वसतिगृहातल्या खोलीत ४०६० होते, आणि तालुक्याच्या गावी लग्नाच्या चित्रफिती जोडणाऱ्या माझ्या आत्तेभावाच्या स्टुडिओत १२ जीबीचे ३०६०. एका पेनड्राइव्हमध्ये सतरा दगड घालून मी या दोन घरांमध्ये चार-पाच खेपा केल्या. वीर स्वर्गात जाताना अप्सरांनी नेला. येथे सतराच्या सतरा वीर माझ्या शर्टाच्या खिशातून एस.टी.ने गेले.

पहिल्या फेरीत एकच दगड घेतला. ४०६० ने बाजी मारली. त्याच दगडाचे, त्याच प्रकाशातले, त्याच आकाराचे चित्र त्याने सहज आधी संपवले. पंखाही फारसा ओरडला नाही. मित्राने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की मी आता त्याच्या पाया पडावे. त्याच दिवशी निर्णय घेतला असता, तर तो ४०६० च्याच बाजूने गेला असता, आणि एका दगडापुरता तो बरोबरही ठरला असता.

पण मला हवा होता तो एक दगड नव्हता. हवी होती ती ओळ. हे सतरा जण आज ज्या क्रमाने, ज्या अंतरावर, देवळाकडे तोंड करून उभे आहेत, ती त्यांची सभा मला जपायची होती. दगड सुटे सुटे जपले, की संग्रहालय होते. ओळ जपली, की गाव राहतो. आता या ओळीचा हिशेब पाहा. प्रत्येक दगडाच्या आकारावर एक कातडे चढवावे लागते; म्हणजे फोटोंवरून केलेले रंगाचे चित्र. झिजलेल्या रेघा वाचता याव्यात म्हणून मी ते ८,१९२ ठिपके लांब आणि तितकेच रुंद ठेवले होते. एका ठिपक्याला चार बाइट धरले, तर एका कातड्याला २५६ एमबी लागतात. रंगाचे एक आणि उंचसखलपणाचे एक, अशी प्रत्येक दगडाला दोन. सतरा दुणे चौतीस. चौतीस गुणिले २५६ म्हणजे ८,७०४ एमबी, अर्थात साडेआठ जीबी. हे नुसते कातडे. आकाराचे हाड-मांस निराळे.

हा आकडा वहीत मांडला आणि निकाल मला आधीच कळला. साडेआठ हे आठात मावत नाहीत, बारात मावतात. इतका साधा निकाल आयुष्यात फार थोड्या प्रश्नांचा लागत असेल.

तरीही खेप केली. मित्राच्या संगणकावर सतरा दगड एकदम उघडले. कार्डाचे आवार भरले. अशा वेळी ब्लेंडर काम सोडून देत नाही. उरलेला माल तो संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवतो आणि लागेल तसा मागवतो. हंगामात कारखान्याचे आवार भरले की ट्रॉल्या थेट हमरस्त्यावर उभ्या राहतात ना, तसेच. आणि त्या रस्त्याची रुंदी पाहिली की परिस्थिती ध्यानात येते. ४०६० ला संगणकाशी जोडणारा रस्ता आठच पदरी आहे. ३०६० चा सोळा पदरी. त्यातून मित्राचा मदरबोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीचा. त्यावर आठ पदरांतून सेकंदाला फार तर ८ जीबी माल येतो. कोठे कार्डाच्या आतले २७२ आणि कोठे हे ८! तेज चरक नुसते ऊस येण्याची वाट पाहत फिरू लागले. आम्ही चहाला गेलो, परत आलो, वसतिगृहाच्या खानावळीत जेवून आलो. चित्र अर्धे होते. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तीच सतरा जणांची ओळ ३०६० ने कसलीही कुरकुर न करता, आपल्या नेहमीच्या चालीने पूर्ण केली. ते धावले नाही. पण थांबलेही नाही.

मित्राने हार मानली नाही, आणि त्याचे म्हणणे न सांगणे अन्यायाचे होईल. "कातडी निम्मी कर," तो म्हणाला. "लांबी-रुंदी अर्धी केलीस की माल पावपटच होतो. साडेआठाचे दोन जीबीच्या आसपास. मग माझेच कार्ड तुझ्या भावाच्या कार्डाला मागे टाकते की नाही बघ." आम्ही करून पाहिले, आणि त्याचे कार्ड खरोखरच पुढे गेले. पडद्यावर दुरून ती ओळ पूर्वीसारखीच सुंदर दिसत होती. प्रदर्शनात लावायला, मुलांना दाखवायला तेवढे पुरेसे होते. पण जवळ गेलो, तेव्हा खालच्या पट्टीतल्या पुसट रेघा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. त्याचे बरोबर होते आणि माझेही. दोघांचे काम वेगळे होते, इतकेच.

हे सगळे घरी सांगणे भाग होते, कारण पैसे आबांचे होते. म्हणजे खरे तर म्हशींचे होते. आबा रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. त्यांना मी चरक, आवार, गव्हाण सगळे सांगितले. ते बिडी विझवून शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी एकच विचारले, "व्हय रं, पर तुझं दूध जातंय कुठं? रतीब घालायचा का डेअरीला?"

मला प्रथम अर्थबोध झाला नाही. तेव्हा त्यांनी समजावले. रतिबाला घरोघर दूध घालायचे असेल, तर लिटर मोजतात. तिथं जर्सी गाय बरी, भांडं भरून देते. डेअरीत नुसते लिटर मोजत नाहीत; तेथे फॅट पाहतात. गाईचे दूध साडेतीन फॅटला धरतात, म्हशीचे सहाला. म्हैस कमी देते, पण दर चढा मिळतो. "दोन जनावरांत चांगलं कुठलं, असं नुसतं कोण सांगंल? आधी दूध कुठं घालायचं ते ठरीव, मग दावणीला काय बांधायचं ते बघ."

मी डेअरीला घालणार होतो. ३०६० घेतले, १२ जीबीचे. खोक्याच्या कोपऱ्यातला आकडा दोनदा वाचून घेतले. ते दिवाळीच्या पाडव्याला घरी आले आणि आईने संगणकाबरोबर त्यालाही हळद-कुंकू वाहिले.

त्या हिवाळ्यात रात्री-रात्री ते चालले. दोन हजारांवर फोटो होते. एकेक दगड उभा राहत गेला. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. आकारावरचे रंगाचे कातडे काढून ठेवले, म्हणजे वर्षानुवर्षांचा तेलरंगही निघून गेला. मग एका बाजूने, अगदी खालून, मावळतीच्या उन्हासारखा तिरपा प्रकाश टाकला. डावीकडून तिसऱ्या दगडाची खालची पट्टी आजवर आम्ही सगळे नुसती खडबडीत समजत होतो. तेथे काहीतरी उमटले. आबा मागे उभे होते. मी डोळे बारीक करून पाहत होतो, ते एकदम म्हणाले, "गुरं हाईत की ती!"

खरोखरच गुरे होती. तीन, कदाचित चार, एकीमागे एक. त्यांची शिंगे, पाठीचे वशिंड, वळलेली मान. गोधन पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकांवर अशी गुरे कोरलेली असतात, हे मी पुस्तकात वाचले होते. आमच्या देवळासमोर ते उभे आहे हे मात्र ठाऊक नव्हते. म्हणजे तो तिसरा दगड कोण्या राजासाठी मेलेल्याचा नव्हता. गावची गुरे राखताना पडलेल्या माणसाचा होता. नाव अजूनही कळले नाही. पण तो कशासाठी मेला, एवढे कळले. आबांनी पडद्याजवळ जाऊन त्या शिंगांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आखूडशिंगीच हाय." मग थोडे थांबून, "माणसानं ह्यांच्यापायी जीव दिला." त्यांच्या आवाजात जे होते, ते लिहिण्याइतकी लेखणी माझ्यापाशी नाही.

पाडव्यानंतर दगड भिंतीत गेले. भिंत चांगली झाली आहे. पुढे २०२५ च्या मे महिन्यात आरटीएक्स ५०६० बाजारात आले. चरक ३,८४०, गव्हाणीतून सेकंदाला ४४८ जीबी. आवार मात्र पुन्हा आठच जीबी. उद्या त्याच्याही पुढचे येईल आणि माझे कार्ड वाचकांना वीरगळासारखेच पुराणवस्तू वाटेल. त्याचे मला दुःख नाही. त्याने माझे सतरा माणसांचे बिऱ्हाड सांभाळले.

या सगळ्या उद्योगातून मी एक गोष्ट शिकलो. आपण समजतो की तुलना दोघांमध्ये होते. ती खरे तर तिघांमध्ये होते. हे एक, ते एक, आणि ज्यासाठी दोन्ही पाहायची ते काम. हा तिसरा हजर नसेल, तर उरलेल्या दोघांतला मोठा कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि हजर असेल, तर सातवीतला मुलगासुद्धा चौतीस गुणिले दोनशे छप्पन्न करून सांगेल. शास्त्र शाखा मोठी की कला शाखा, याच्या गुणपत्रिकेपुढचा मोठा की त्याच्या, हा भाऊ हुशार की तो, असल्या तुलना आपल्या घरांत रोज होतात आणि त्यांत अनेक पोरे हकनाक मार खातात. कोणीच विचारत नाही, "दूध जातंय कुठं?"

मित्रहो, माझ्या मित्राचे ४०६० आजही वसतिगृहात दिमाखात चालते आहे, आणि त्याच्या कामाला त्याच्याइतके चांगले दुसरे नाही, हे मी येथे लेखी देतो. पुढच्या वर्षी इतिहास विभागाच्या संगणकावर आमची सतरांची ओळ पाहायला जरूर या. जवळ जाऊन पाहा. डावीकडून तिसरा.